मोरीच्या कालवणाचा डबा

आई, सकाळपासून तिसऱ्यांदा लिहायला बसतेय. दोन ओळी झाल्या की उठते, आतल्या खोलीच्या दाराशी जाऊन कान देते, परत येते. आत तुझी नात आहे. तिला बाळंत होऊन आज चौथा दिवस. बाळ रडतंय, आणि बहुतेक तीही. फ्रिजवर पावडरच्या दुधाचा डबा आहे, काल जावयांनी आणलेला. अजून फोडलेला नाही. काल रडून झाल्यावर ती म्हणाली, "मम्मी, उगाच ओढाताण नको. तुला तरी कुठे दूध होतं? मग मला कुठून येणार?" मी लंगोटांच्या घड्या घालत राहिले. तेवीस वर्षं मी सगळ्यांना हेच सांगत आलेय, की मला दूध आलंच नाही.

तुला खरं माहीत आहे. पहिल्या बाळंतपणाला मी माहेरी उरणला आले नाही, म्हणून तूच मासळीची पाटी मावशीवर सोपवून रोज एसटीने पनवेलला यायचीस. डब्यात मोरी माशाचं कालवण, बाळंतिणीला दूध उतरावं म्हणून आपल्याकडे देतात ते. माझं सासर शाकाहारी. तू दारातूनच सासूबाईंना म्हणायचीस, "विहीणबाय, जरा त्वांड फिरवा, मी झाकण उघडते." त्या नाकाला पदर लावून हसायच्या. मग तू दोनदा हात धुऊन माझ्यामागे उशी लावायचीस, पोरीला माझ्या अंगाशी आणायचीस. "घाई नको, बाय. तिला त्वांड मोठं उघडू दे, मंग लाव. नुसतं टोक देशील तर तुझाच जीव जाईल." मी कुरकुरले की म्हणायचीस, "वासरू लांब बांधशील तं गाय पान्हवंल कशी?"

पाचव्या दिवशी मी तुला दारापर्यंत सोडायला आले आणि म्हणाले, "सासूबाईंना वास सहन होत नाही गं. उद्यापासून नको येऊस." तू डबा पदराने पुसलास. "बरं. पन तिला लावत ऱ्हा," म्हणालीस आणि जिना उतरलीस. माझा ब्लाउज तेव्हा दुधाने भिजलेला होता.

पुढे टोकाला चिरा पडल्या. पोर जवळ घेतली की अंगावर काटा यायचा. विचारायचं कुणाला? जी सांगणार होती तिला मीच परत पाठवलं होतं. आधी एक बाटली, मग दोन. तीन आठवड्यांत दूध आटलं.

आज ते आठवून मी प्रसूतिगृहातल्या नर्सताईंना फोन केला. सुकापूरहून स्कूटरवर आल्या, लेकीला मागे रेलून बसवलं, बाळाचं पोट तिच्या पोटाला टेकवलं आणि त्याने मोठं तोंड उघडेपर्यंत थांबल्या. म्हणाल्या, "दूध आहे, पकड चुकतेय. तो रडायची वाट नका बघू, तोंड हलवायला लागला की घ्या. लंगोट किती ओले होतात ते बघा, उद्या वजन करू, मग त्या डब्याचं ठरवू." तुझंच सगळं, फक्त शुद्ध मराठीत.

लेक म्हणाली, "पण आमच्यात नसतंच ना."

नर्सताईंनी माझ्याकडे पाहिलं. "काकू, खरंच नव्हतं?"

"होतं," मी म्हणाले.

"मग?" लेकीने विचारलं. पाणी आणते म्हणून मी उठले, ती या ओट्याशी येऊन बसले. नर्सताई कधीच गेल्या. पाणी अजून इथेच आहे.

आता आतला आवाज थांबलाय. दार ढकलून पाहिलं. बाळाचा जबडा हलतो, थांबतो, पुन्हा हलतो. तिने वर न बघताच विचारलं, "मग का नाही पाजलंस?" मी म्हणाले, आले हं. आता जाऊन सांगायला हवं, नाहीतर तो पावडरचा डबा फोडला जाईल. पण सांगताना सवयीने सासूबाईंचंच नाव तोंडात येईल, म्हणून आधी तुला सांगते. त्यांनी वासाची तक्रार कधीच केली नव्हती. त्या दिवशी तू स्टँडकडे वळायच्या आत घरातल्या सगळ्या खिडक्या उघडल्या, त्या मी.