चप्पल आणि उपरणं मंडपाबाहेर

तळवडे,
३ सप्टेंबर

ती. धम्मपालमामा यांस,
मैत्रीचा सविनय जय भीम. वि. वि.

फोनवर आपण दोन मिनिटांत भांडतो, म्हणून पत्र. निदान पूर्ण वाचून मग चिडता येतं.

चाकणच्या कंपनीत आम्ही अठ्ठेचाळीस बायका गाड्यांच्या वायरी बांधतो आणि आमच्यासाठी संडास एक. त्याचीही किल्ली सुपरवायझरकडे. विमलबाईंनी किल्ली मागितली तर म्हणाला, आत्ताच तर जाऊन आलात. पन्नाशीच्या बाईला हे ऐकवतो मेला. त्याच दुपारी काम टाकून आम्ही गेटबाहेर बसलो. कंपनीने सगळ्यांचे गेटपास बंद केले. आज नववा दिवस.

काल तुमच्या पक्षाचे साहेब येऊन गेले. दहा मिनिटं थांबले. आज चौकात फ्लेक्स लागलाय. त्यात साहेबांचा चेहरा टेम्पोएवढा आणि खाली आम्ही जिऱ्याएवढ्या. वर 'महिला सन्मान' लिहिलंय, संडासाचं नाव नाही. त्यांना लाज वाटते का, विचारून कळवा.

आई बरी आहे. लोभ असावा, निदान उत्तर लिहीपर्यंत तरी.

तुमची भाची,
मैत्री

संत तुकाराम नगर, पिंपरी
८ सप्टेंबर

चि. मैत्रीस,
अनेक आशीर्वाद व जय भीम.

तीस वर्षं पक्षाच्या सतरंज्या घालून एवढं कळलं, की नुसतं बसून कोणी ऐकत नाही. मागे पक्ष लागतो. साहेबांचा निरोप असा, की मंडपावर आपला झेंडा लाव, कंपनीशी ते बोलतील. महापालिकेच्या निवडणुकीत तुमचा प्रभाग महिलांसाठी राखीव होणार असं त्यांना आतून कळलंय. तिकीट तुझं.

तुझ्या आईला, भिमाताईला, तुझी काळजी लागून राहिलीय, मलाही. राग आला तर आधी जेव, मग लिही.

तुझा,
मामा

तळवडे,
१४ सप्टेंबर

ती. मामांस, सविनय जय भीम.

जेवले, मग तुमचं पत्र सगळ्यांना वाचून दाखवलं. आमच्यातली कस्तुरा म्हणाली, झेंड्याचं कापड जाड असलं तर घेऊ, संडासाला पडदा होईल. हसून झाल्यावर खरं बोलणं झालं. चौदाजणींना झेंडा हवा होता. त्यांच्या घरी दुसरं कमावणारं कोणी नाही, त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. शेवटी ठरलं, की कोणीही यावं, पण चप्पल आणि उपरणं मंडपाबाहेर काढावं.

तुमचे लोक आले, समोरच्या पक्षाचेही आले. उपरणी उतरल्यावर कोण कुणाचा ते कळेना. त्यांनाही कळेना, एकमेकांना चहा देत बसले.

तिकीट नको. माया मात्र पाठवत जा.

मैत्री

संत तुकाराम नगर,
१८ सप्टेंबर

चि. मैत्रीस, आशीर्वाद.

साहेब काल कंपनीत बोलणी करून आले. नवे चार संडास, सगळ्या कामावर परत, फक्त तू नाही. उद्या ते गेटवर विजय जाहीर करणार, फटाके आणून ठेवलेत. तुझी समजूत घालायचं काम माझ्याकडे आलंय. तिकीट घे आणि नोकरी सोड, असं तुला सांगायचंय. सांगितलं.

तुझ्यासमोर उभं राहवेना म्हणून हे पत्र माझ्या कुलदीपच्या हाती आजच देतोय. माझं स्वतःचं सांगणं एवढंच, की माझं ऐकू नकोस.

मामा

तळवडे,
२० नोव्हेंबर

ती. मामांस, मनापासून जय भीम.

इतके दिवस लिहिलं नाही, माफ करा. त्या दिवशी साहेबांनी विजय जाहीर केला तेव्हा कस्तुरा उठली आणि शांतपणे म्हणाली, यादीत सत्तेचाळीस नावं आहेत, आम्ही अठ्ठेचाळीस आहोत. मग परत खाली बसली. तिच्यापाठोपाठ पहिल्या बसल्या त्या झेंडा मागणाऱ्या चौदाजणी. मला रडू आलं, पण माइक चालू होता. आणखी सहा दिवस बसलो. आमच्या वायरींवाचून गाड्या बनवणाऱ्या कंपनीची लाइन थांबली, तेव्हा अठ्ठेचाळिसावं नाव सापडलं.

नव्या संडासांच्या परवाच्या उद्घाटनाला तुम्ही होतातच, पण टपालात टाकण्याआधी हे आईला वाचून दाखवायचंय, म्हणून लिहिते. साहेब आले, फीत बांधली, कात्रीचं तबक तुमच्या हातात. तेवढ्यात विमलबाई फितीखालून वाकून आत गेल्या. फोटोवाल्याने दार वाजवलं. आतून त्या म्हणाल्या, थांबा, आज मला घाई नाही.

वीस मिनिटं साहेब फितीसमोर उभे होते. पहिले हसलात तुम्ही.

त्या हसण्यापासून पक्षाच्या कचेरीतून तुम्हाला बोलावणं बंद झालंय असं कळलं. रविवारी जेवायला या. सत्तेचाळीसजणींना तुम्हाला जवळून बघायचंय.

तुमची,
मैत्री