ठीक आहे, घाई नाही

मंगळवार, १४ जानेवारी

ती. इडवाल मामांस,
मॅबलीचा सा. न. वि. वि.

रांगेत आमची रुग्णवाहिका सातवी आहे. हॉस्पिटलच्या दारात उभं राहून दोन तास झाले. आत खाट नाही, आणि खाट मिळाल्याशिवाय पेशंट उतरवता येत नाही. मागे एक आजोबा पोट धरून पडले आहेत आणि मला रग्बीचे नियम शिकवताहेत. मी गुडघ्यावर पॅड ठेवून तुम्हाला लिहिते आहे.

रुग्णवाहिकेच्या या प्रशिक्षणाला आमच्या कॉलेजातून साठ अर्ज आले, आठ घेतले. शनिवारी शेतात मोटार उलटी टाकून तिच्यातून जखमी माणूस कसा काढायचा ते शिकवलं. माणूस म्हणजे ऐंशी किलोचा रबरी बाहुला. मला जमलं. मेंढी अडली की चक्कर येणारी पोरगी रस्त्यावर काय दिवे लावणार, असं तुम्ही म्हणाला होतात. विसरलेले नाही.

गाडीवर मात्र पेशंटला हात लावायची परवानगी नाही. जाकिटाच्या पाठीवर 'निरीक्षक' असं मोठ्या अक्षरांत लिहिलं आहे. डेलिथ, ही गाडी जिच्या ताब्यात आहे ती, म्हणते, शिकायला आलीस ना, मग आधी रांगेत उभं राहायला शीक, आमचा अर्धा जन्म त्यातच गेला.

ग्वेन मावशीला सांगा, मोजे मिळाले. डावा मोठा झालाय, पण पायात राहतो. लोभ आहे तेवढाच ठेवा. कमी केलात तर मावशीकडे तक्रार करीन.

तुमची
मॅबली


गुरुवार, १६ जानेवारी

चि. मॅबलीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आज आलं. काल रात्री फोनवर मी धड काही सांगितलं नाही. फोनवर मला बोलता येत नाही, म्हणून लिहितो.

मंगळवारी अकराला ग्वेन अंगणात बर्फावरून घसरली. पाय बाहेर वळला होता आणि आखूड दिसत होता. मी फोन केला. रुग्णवाहिकेच्या फोनवरच्या बाई चांगल्या होत्या. म्हणाल्या, हलवू नका, खायला-प्यायला देऊ नका, गाडी पाठवतो. मी हलवलं नाही. सात पांघरुणं घातली, वर छत्री धरली. ग्वेनने चहा मागितला, मी नाही म्हटलं. ती म्हणाली, मेल्या, माझ्या दफनाला आलेल्या लोकांनाही तू कोरडंच परत पाठवशील. एमरिस शेजारून फाटक उचकटून घेऊन आला. म्हणाला, यावर घालून आत नेऊ. मी नको म्हटलं. हलवू नका म्हणजे हलवू नका.

त्यांनी तीनदा फोन करून चौकशी केली. मी दरवेळी घरात पळालो. ग्वेनने सांगून ठेवलं होतं, म्हण ठीक आहे, घाई नाही, कुणाला जास्त गरज असेल. मी तसंच म्हटलं. आपल्या घरात कुणी रडगाणं गायलेलं नाही. मध्येच तुझा फोन आला. तो मी लगेच ठेवला, लाइन मोकळी हवी होती.

गाडी संध्याकाळी आठला आली.

ऑपरेशन उद्या म्हणतात. छातीत कफ आहे. तू हे शिकतेस, म्हणून विचारतो. माझं काही चुकलं का? सरळ लिही.

इडवाल मामा


सोमवार, २० जानेवारी

ती. मामांस सा. न.

काल हॉस्पिटलात तुमच्या शेजारी दोन तास बसले, पण हे तोंडातून निघालं नाही.

मंगळवारी ते पत्र पेटीत टाकून गाडीत परत आले, तेव्हा वायरलेसवर विचारत होते, कुणी मोकळं आहे का. बाई, वय एकोणऐंशी, उघड्यावर पडल्या आहेत, पेनरिऊ. पेशंट ठीक आहे, घाई नाही.

पेनरिऊत घर एकच आहे, आपलं.

मी डेलिथला सांगितलं, ही माझी मावशी. आणि हेही सांगितलं, की मामांची दोन बोटं यंत्रात गेली तेव्हा त्यांनी डॉक्टरांना हेच शब्द सांगितले होते. तिने ते वर कळवलं. उत्तर आलं, घरचे लोक सांगतात तेच आम्ही धरतो, आणि तसंही एकही गाडी मोकळी नाही. डेलिथ आत जाऊन भांडून आली. मग मी तुम्हाला फोन केला. तुम्ही मलाही म्हणालात, ठीक आहे, घाई नाही, आणि ठेवलात.

मला विचारायचं होतं, अंगाखाली काही घातलं आहे का. थंडी जमिनीतून वर येते, मामा. एमरिसच्या फाटकावर घालून आत न्यायला हवं होतं. हलवू नका हा नियम गाडी वीस मिनिटांत येते तेव्हाचा आहे. तुम्ही सरळ लिही म्हणालात, म्हणून लिहिलं.

आमच्या गाडीत सगळं होतं. दुखणं थांबवणारं औषध, गरम होणारं पांघरूण, उचलायची फळी. चार वाजता आम्ही रांगेत चौथे होतो. आजोबांना झोप लागली होती. मी बघत होते.

शुक्रवारी सातला पुढची पाळी आहे. जाकीट परत करावं असं वाटतं.

लोभ असू द्या, असं लिहायला आज हात धजत नाही.

मॅबली


गुरुवार, २३ जानेवारी

चि. मॅबलीस आशीर्वाद.

तुझं पत्र तीनदा वाचलं. सातही पांघरुणं वरूनच होती.

ऑपरेशन चौथ्यांदा पुढे गेलं. सकाळी उपाशी ठेवतात, दुपारी येऊन सांगतात, आज नाही. आता ताप आहे, आणि ग्वेनचा श्वास खोलीच्या दारापर्यंत ऐकू येतो. आज दुपारी मी सिस्टरच्या टेबलापाशी गेलो आणि मोठ्याने म्हणालो, माझी बहीण ठीक नाही आणि घाई आहे. पुन्हा म्हणालो. सगळा वॉर्ड बघायला लागला. ग्वेनने भिंतीकडे तोंड फिरवलं. तिला माझी लाज वाटली. सिस्टर चांगली पोर आहे. तिने वेळ घालून लिहून घेतलं. म्हणाली, डॉक्टर एकच आहेत, येतील. मी सहापर्यंत बसलो. मग मेंढ्यांसाठी घरी आलो.

जाकीट परत करू नकोस. का ते मला सांगता येणार नाही.

थंडी फार आहे. डोक्याला टोपी घाल. माझा जीव आहे तुझ्यावर, हे कधी लिहिलं नव्हतं.

इडवाल मामा

ता. क. शुक्रवार, सकाळ. साडेसहाला वॉर्डातून फोन आला. डॉक्टर पहाटे चारला येऊन गेले. ग्वेन पाचला गेली. तुझी पाळी सातला सुरू होते, म्हणून तुला फोन केलेला नाही. मेंढ्यांना चारा घातला आहे. हे पेटीत टाकून हॉस्पिटलला निघतो.