पहिल्या धुण्यात गुलाबी

१४ एप्रिल १९७४, रविवार
जावई सिद्धप्पांच्या चादरीच्या दुकानाची जाहिरात आजपासून माझ्याकडे. त्यांनी सांगितलं नव्हतं, मीच घेतली. ही लग्नसराई कोरडी गेली तर दुकान बंद करून श्रीपूरच्या साखर कारखान्यात कारकुनी धरावी लागेल, असं लेक महादेवी रडवेली होऊन म्हणाली. म्हटलं, बाप अजून जिवंत आहे.
भवानी पेठेत आमच्या समोरच वीरभद्रप्पाचं दुकान. पाटी : ‘पक्का रंग. शंभर टक्के गॅरंटी.’ धादांत खोटं. दोघांचा माल एकाच मागावरचा. संकल्प : जाहिरात करायची ती खरी. आणि पद्यात.

१६ एप्रिल, मंगळवार
पाटी लागली :
पहिल्या धुण्यात लाल चादर थोडी गुलाबी होईल;
तुमच्या-आमच्या गालांचीही लाली अशीच जाईल.
स्वतःच वाचून गहिवरलो. वर्गात कविता म्हणताना डोलणारी ती डोकी आठवली. आता कुठे असतील सगळी?
पहिलं गिऱ्हाईक जेऊरचे जोतीराम. मुलीच्या लग्नात आहेराला चादरी हव्या होत्या. म्हणाले, व्हय मास्तर, रंग जातुय म्हणं? म्हटलं, जातो. मग न जाणारी कुटं मिळंल? म्हटलं, कुठंच नाही, पण समोर तसं लिहिलंय. लई उपकार झालं म्हणाले आणि समोर गेले. गिऱ्हाईक संतुष्ट. सिद्धप्पांनी उलगडलेली चादर पुन्हा घडी घालून ठेवली. खरेपणापुढे माणूस दबतो.

२० एप्रिल, शनिवार
पाटी वाचायला गर्दी. वाचून सगळे समोर गेले, पण वाचलं सगळ्यांनी. वीरभद्रप्पाने चहा आणि बुंदी पाठवली. शत्रू, पण रसिक. निरोप : गुरुजी, अक्षर जरा मोठं काढा की, चौकातनं दिसंना.
मोठं काढलं.

२३ एप्रिल, मंगळवार
जेवताना सिद्धप्पा म्हणाले, मामा, थोडं कमी खरं लिहिलं तर? त्यांना नीतिमत्तेवर तासभर समजावलं. ते डोळे मिटून ऐकत होते. माझा वर्गही असाच ऐकायचा.

२९ एप्रिल, सोमवार
शेजारच्या कस्तुराबाई लाल चादर हातात घेऊन उभ्या. पैसे काढतच होत्या. मी पुढे होऊन दोन ओळी म्हणून दाखवल्या. त्यांनी चादर खाली ठेवली. महादेवी म्हणाली, अप्पा, ऊन लागेल, तुम्ही घरी पडा की जरा. गेलो नाही. कर्तव्य.

४ मे, शनिवार
सिद्धप्पांचं मन पालटलं! म्हणाले, मामा, तुमची विद्या आमच्या एवढ्याशा दुकानात वाया जातीय. पाटी खोटी त्या वीरभद्रप्पाची. सुधारायची गरज त्याला. तुम्ही तिकडं बसा की. महादेवीने लगेच कोटाला इस्त्री केली. अशी हौस तिने कधी दाखवली नव्हती. व्याप वाढतो आहे.

५ मे, रविवार, दुपारी
वीरभद्रप्पाने गादीवर बसवलं, चहा मागवला. सगळी योजना शांतपणे ऐकली. मग हात जोडले. म्हणाला, गुरुजी, जावयाला सोडू नका. तुमी हितं आलासा तर माझं दुकान कोण चालवणार?
चहा तसाच ठेवून उठलो.
महादेवी दारातच होती. काय म्हणाला, विचारलं. म्हटलं, ऊन फार आहे.
ती स्टुलावर चढली आणि पाटी काढू लागली. सिद्धप्पांनी खालून स्टूल धरलं. मे महिन्यात मुहूर्त अजून बरेच आहेत, ती म्हणाली. माझ्याकडे न बघता.
मी दुसऱ्या बाजूने स्टूल धरलं.