कडेचे गृहस्थ

सातपूर, नाशिक

प्रिय मोहिनी,

सासूचं पत्र बघून दचकू नकोस. योगेशशी फोनवर बोलते तेव्हा मागून तू "आई बऱ्या आहेत ना?" म्हणून विचारतेस, ते मला ऐकू येतं आणि बरं वाटतं. पण आपण दोघी अशा सलग कधी बोललोच नाही. फोनवर मला सुचतही नाही, शेजारी टीव्हीचा आवाज वाढवून तुझे सासरे बसलेले असतात.

पहिली बातमी म्हणजे मी कॉम्प्युटर शिकतेय. आमच्या कॉलनीत अंजली नावाच्या मुलीनं बायकांसाठी क्लास काढलाय. सुरुवातीला माउस हाताचं ऐकेचना. बाण पडद्याच्या कोपऱ्यात जाऊन बसायचा आणि मी टेबलाच्या कडेपर्यंत हात ताणून त्याला ओढायची. आता बरं जमतंय. मागच्या आठवड्यात अंजलीनं सांगितलं, घरातला एक फोटो आणा आणि त्याला नक्षीची किनार करा. बायकांनी नातवंडांचे आणले, एकीनं तर म्हशीचा आणला. मी तुमच्या लग्नाचा घेऊन गेले.

नोंदणी कार्यालयाच्या पायऱ्यांवरचा तो, योगेशनं त्याच दिवशी मला पाठवला होता. तुमच्या गळ्यात हार, उन्हामुळे तू डोळे बारीक केलेले, आणि अगदी उजव्या कडेला तुझे बाबा, तुझी पर्स काखेत धरून उभे. हा फोटो मी माझ्या फोनमध्ये किती वेळा बघितलाय, ते कुणाला माहीत नाही.

आधी तयार गुलाबांची किनार लावली, तर अंजली हसत म्हणाली, "काकू, लग्नाचा फोटो आहे ना? हे चौकातल्या श्रद्धांजलीच्या बॅनरसारखं दिसतंय." मग मी स्वतःच आंब्याचं एक पान काढलं. त्याच्या नकला करून एकापुढे एक लावत गेले, मध्ये झेंडूचं फूल. कोपऱ्यावर पानं एकमेकांवर चढायची, ती फिरवता फिरवता दुपार गेली. तोरण छान झालं, पण ते फोटोवरच बसलं. तुझे बाबा त्याच्याखाली गेले, नुसती टोपी दिसायला लागली.

अंजली म्हणाली, "हे कडेचे गृहस्थ कापून टाकू या काकू. जोडी बरोबर मधोमध येईल."

"त्यांना कापायचं नाही," मी म्हटलं. जरा जोरातच म्हटलं असावं, कारण सगळ्या बायका वळून बघायला लागल्या. अंजलीनं मग वेगळी युक्ती शिकवली. फोटोला हात न लावता त्याच्याखालचा कागद चारी बाजूंनी मोठा करायचा, आणि त्या कोऱ्या जागेत नक्षी बसवायची. सगळी पानं पुन्हा लावली. तुझे बाबा पर्ससकट बाहेर आले.

तेवढ्यात तुझे सासरे मला न्यायला आले. खुर्चीमागे येऊन उभे राहिले. दोन वर्षांत हा फोटो आमच्या घरात कुणी बाहेर काढला नव्हता की त्याचा विषय निघाला नव्हता. बराच वेळ बघून म्हणाले, "डावीकडची किनार जाड झालीये." कारखान्यात जन्म गेला, एवढा फरक त्यांना लगेच कळतो. मी ती बारीक केली. मग त्यांनी कडेला बोट ठेवलं. "हे कोण?"

"मोहिनीचे वडील."

"आपल्याकडं आले होते, तेच?"

"तेच."

तुला तो दिवस माहीत आहे. तुझे बाबा पेठहून एसटीनं आले होते, बरोबर घरच्या तांदळाची पिशवी. यांनी त्यांना फाटकातच "हे लग्न आम्हाला मान्य नाही" म्हणून सांगितलं. आत या म्हटलं नाही, पाणी विचारलं नाही. पिशवी घेऊन ते तसेच परत गेले, आणि तरी पुढच्या महिन्यात पोरीच्या लग्नाला हसऱ्या तोंडानं उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना हे म्हणाले, "फोटोच्या दोन प्रती काढून आण. एक आपल्या भिंतीला."

"आणि दुसरी?"

"पेठला न्यायची. तो माणूस आपल्या दारातून परत गेला. आता आपण त्याच्या दारात जायचं. आत घ्यायचं का नाय, ते त्यानं ठरवावं."

भिंतीला खिळा त्यांनी स्वतः ठोकला. काल शेजारच्या नवसाबाईंनी विचारलं, कुणाचा फोटो? तर म्हणाले, "पोरगा, सून, आणि हे आमचे व्याही." मी स्वयंपाकघरात होते. तिथंच पदरानं डोळे पुसले.

योगेशला विचारलं असतं तर तो लगेच हो म्हणाला असता. पण अपमान झाला तो तुझ्या बाबांचा, म्हणून तुला विचारते. तुझ्या आईबाबांशी बोलशील? आम्ही दोघांनी यावं का, एवढंच विचार, त्यांना भरीस घालू नकोस. ते हो म्हणाले तर आम्ही सकाळची पहिली एसटी पकडू, आणि तुम्ही दोघंही तिथं असाल तर यांना बोलणं जरा सोपं जाईल. नाही म्हणाले तर तसंही मोकळेपणानं कळव. आम्हाला राग येणार नाही. थोडे दिवस जाऊ देऊन मी पुन्हा विचारीन.

तुझीच,
आई