कापसाच्या खोलीतली शांतता

६ मार्च
निलेशची शॉर्ट फिल्म अखेर सुरू. गाव जाम चौरस्त्याच्या अलीकडे, शेतापलीकडे हायवे. निलेशला घर 'दिसायला' आवडलं. दिग्दर्शकांना कान नसतात. ट्रकांची घरघर, शेजारी हरभऱ्याचं मशीन, डोक्यावर पंखा. सगळ्यांना हात जोडत फिरणं हेच माझं साउंड रेकॉर्डिंग. फ्रिज बंद करून आत स्कूटीची किल्ली ठेवली, म्हणजे जाताना चालू करायचं विसरत नाही. घर नानाजींचं, आणि फिल्ममधला म्हातारा बापही तेच. गावच्या गणपतीतल्या नाटकांत जन्मभर कामं केलेली.
"पोरी, किल्ली फ्रिजमंदी काऊन ठेवली वो? गरम झाली होती का?"
मी हसले. बैठकीत आवाज घुमतो. काहीच कामाचं नाही मिळालं.

७ मार्च
जागा सापडली! भाव नाही म्हणून नानाजींनी कापूस ठेवून घेतलाय, मागची खोली छतापर्यंत भरलेली. आत टाळी वाजवली तर टाळी जागच्या जागी संपली. दाराला गोधडी लावली, ट्रक निम्मे झाले. अंगभर खाज. पण असली खोली भाड्याने मिळत नाही.
निलेशने सीनच तिथे हलवला. मुलगा गाव सोडून चाललाय, बाप बोलतोय. बस.
नानाजी वाक्यं विसरतात. सारखी.
"मले बुढी सांगे, पडद्याच्या मागून. तिले वाचता ये, मले नाई. तिच्याबिगर येत नाई वो मले."
बायको दिवाळीत गेली त्यांची. निलेश घड्याळ बघत होता, मला त्याचा राग आला.

८ मार्च
नानाजी म्हणाले, "आज कोणी सांगू नका मले. थांबा फक्त."
थांबलो. प्रत्येक वाक्याआधी ते जरा थांबायचे, मग बोलायचे. एकही चूक नाही. "गाडी जामले थांबते ना? मंग जेवून जाय." मुलाचं काम करणारा पोरगा खरंच रडला. माझी नजर आवाजाच्या मीटरवर, दांडीवरचा बूम माइक त्यांच्या डोक्याशी.
शेवटी माझं नेहमीचं: रिकाम्या खोलीची शांतता रेकॉर्ड करायची. तीच पुढे नमुना म्हणून वापरून संवादांमागचा कचरा काढता येतो. युनिटला खोकला आवरत नाही, म्हणून सगळ्यांना बाहेर काढलं. नानाजी ओट्यावर चहा घेत होते. बूम स्टँडवर, मी दारात. श्वाससुद्धा जपून.
जाताना त्यांनी हात धरला. "माहा आवाज माहाच राह्यन ना? दुसऱ्याचा नाई ना लावत?"
"तुमचाच राहील," मी म्हणाले.

१० मार्च. वर्धा.
घरी हेडफोन लावून ऐकलं. प्रत्येक वाक्याच्या आधी कुजबूज आहे. तेच वाक्य, अगदी हलकं. नानाजी स्वतःच पुटपुटत असणार, सवय. दुसरं काय.
तरी फोन केला.
"मी नाई पुटपुटत. ते तिचं काम हाय. आली का ती त्याच्यात?"
रेंज नाही म्हणून फोन ठेवला. खोटं.

१२ मार्च
निलेशने ऐकलं. "हे काय फुसफुस आहे यार? वर ट्रक. साफ करून दे, नाहीतर नागपूरचा एक जण आहे, त्याच्याकडून डब करून घेतो."
म्हणजे कुजबूज काढली तर नानाजींचा आवाज राहील. नाही काढली तर दोन्ही जातील. छान.

१३ मार्च
साफ केलं. खोलीच्या शांततेचा नमुना दिला आणि संवाद धुऊन काढले. हळूहळूच, जास्त धुतलं की माणूस डब्यात बसून बोलल्यासारखा वाटतो. ट्रक गेले.
कुजबूजही गेली. सगळी.
पण कुजबुजीला मी हातच लावला नव्हता. नमुना फक्त रिकाम्या खोलीचा, आणि नमुन्यात असतं तेच पुसलं जायला हवं. कुजबूज म्हणजे निव्वळ हवा, ट्रकाबरोबर तीही पुसली जाते, हे मला माहीत आहे. दुसऱ्यांना शिकवलंय मी हे. तरी भीती वाटली. आईला हाक मारून स्वयंपाकघरातून उगाच बाहेर बोलावलं.
निलेशला अजून पाठवलेलं नाही.

१५ मार्च
राहवेना, नानाजींकडे गेले. आधी साफ केलेलं ऐकवलं. शांतपणे ऐकलं त्यांनी.
"माहाच आवाज हाय. चांगला हाय. पण मी असा एकटा नव्हतो बोलत."
मग मूळ रेकॉर्डिंग. डोळे मिटले त्यांनी.
पुढची फाइल आपोआप सुरू झाली, ती रिकाम्या खोलीची. मला वाटलं आता काढतील हेडफोन. नाही काढले. थोडं थांबले आणि पहिलं वाक्य म्हणाले. थांबले. दुसरं म्हणाले. पूर्ण सीन, एकही चूक न करता, प्रत्येक वाक्याआधी मान किंचित कलती. मी समोर बसून होते.
फाइल संपली तेव्हाच हेडफोन काढले.
"इथं साफ बोलते ती. तिथं मी मधात बोलून राह्यलो ना, म्हणून दबते. पुसू नको वो पोरी तिले."
निलेशचं आणि डबिंगचं सगळं सांगितलं मी. ते उघड्या दारातून कापसाकडे बघत राहिले.
"मंग तू पाह्य. माहं काय, मी घरी बोलून घेतो तिच्यासंग."

१६ मार्च
निलेशचा मेसेज: आज पाठव, नाहीतर नागपूर फायनल.
दोन्ही फाइली समोर. साफ केलेली जोडली, काढली. मूळची जोडली, तीही काढली.
सकाळपासून रिकाम्या खोलीची फाइल ऐकतेय, आवाज पूर्ण वाढवून. पंखा बंद, फ्रिज बंद, किल्ली आत. आई म्हणते, जेवून घे, डोकं दुखेल. मला काहीच ऐकू येत नाही. बारीक सूं, बस. कापूस.
पण मध्येच माझी मान कलली होती. आई म्हणाली तेव्हा कळलं.