त्रेसष्ट ठिकाणं, चार दिवस

३ जानेवारी, सकाळी ७.१०
ठरलं. एप्रिलमध्ये सौ.ला राजधानी दाखवणार. परका देश, कोटभर वस्ती. लग्न झाल्यापासून म्हणतेय, पंचवीस वर्षं झाली. टूर कंपनीबरोबर जाऊ या, म्हणाली. हसलो. अठ्ठावीस वर्षं सिटी बसची वेळापत्रकं करणाऱ्या माणसाला टूर कंपनी!

१९ जानेवारी
चार दिवसांत त्रेसष्ट ठिकाणं बसवली. राजवाडा २२ मिनिटं. म्युझियम ३५, तळमजला वगळून. सौ.ने विचारलं, जेवायचं कधी? फेरीबोटीत. आणि बसायचं? तेही फेरीबोटीतच.
ऑफिसात दाखवलं. डेपो मॅनेजर म्हणाले, आधी आपली बारा नंबर वेळेवर आणा. जळतात.

२ फेब्रुवारी
सौ.ने मला न विचारता धाकट्या बहिणीला 'तूही चल' म्हटलं. संध्याकाळी दोघींना रस्त्यावर चालवून स्टॉपवॉच लावलं. मेव्हणी दर दुकानाशी थांबते. तिचं बघून सौ.ही थांबायला लागली. ठिकाणं एकसष्ट केली.

७ फेब्रुवारी
उद्यापासून रोज दहा किलोमीटर चालणे. तिथल्या भाषेचे वीस शब्द पाठ.

८ फेब्रुवारी
बूट चावले. 'धन्यवाद' पाठ झालं. मोबाइलला ऐकवलं, त्याने अर्थ सांगितला 'बादली'. मोबाइल जुना आहे.

५ मार्च
व्हिसाचे फॉर्म. 'भेटीचं कारण' याला जेमतेम एक ओळ! सौ.ने लिहिलं, 'बघायला.' मेव्हणीनेही तेच. शिकलेल्या बायका! मी सात पानं जोडली. शिवाय त्यांच्या मेट्रोच्या वेळापत्रकातल्या चौदा चुका, दुरुस्तीसह. सरकारी पाहुणा म्हणून बोलावतील बहुतेक.

२३ मार्च
दोघींचे व्हिसा आले. माझा वर गेला असणार, मंत्र्यांकडे.

३० मार्च
नामंजूर. 'हेतू संशयास्पद.' सौ. म्हणाली, आपण पुढे कधीतरी जाऊ. बोलताना नजर भरलेल्या बॅगेवर. म्हटलं, तुम्ही दोघी जा, मी इथून फोनवर चालवतो. कंट्रोल रूमचा माणूस बसमध्ये बसतो का कधी?

९ एप्रिल, दुपारी १२.४०
१२.०५ ला राजवाड्यातून बाहेर पडायला हव्या होत्या. फोन उचलत नाहीत. मेसेज केले, सहा. 'आता डावीकडे.'

११ एप्रिल, संध्याकाळी
सौ.चा फोन. पहिल्याच दिवशी चुकीच्या बसमध्ये बसल्या. कुठल्याशा बाजारात उतरल्या. एका म्हातारीने स्टुलं दिली, भाषा कळेना तरी गप्पा रंगल्या. आज पुन्हा तिथेच. बाजाराचं नाव माहीत नाही म्हणाली! नकाशा घेऊन बसलो, सापडेना. मुक्काम आठवडाभर वाढवलाय.
सांगताना इतकी हसत होती की मध्येच ठसका लागला. घरात तिला असं हसताना ऐकलेलं नाही. म्हणाली, तुम्ही असता तर यातलं काहीच... मग विचारलं, जेवलात का?
लाइन खराब असावी. तेवढं एकच वाक्य अर्धवट आलं. बाकी सगळं स्पष्ट ऐकू येत होतं.