दिलीपची गाठ

१९ नोव्हेंबर २००६, रविवार

शी! दिलीप धागा दातांनी तोडतो. गुटखा खाल्लेल्या दातांनी! मग थुंकी लावून पीळ देतो आणि तो ओला धागा धनुष्याच्या दोरीवर गुंडाळतो. बाणाची खाच दोरीवर कुठे टेकवायची, ते ठरवणारी गाठ आहे ती. सगळं तिच्यावर असतं. गाठ वर गेली की बाण खाली लागतो, खाली आली की बाणाचं शेपूट मुठीला घासून उडतं. आणि हा बोट लावून म्हणतो, "एक बोट वर. बस. हो गया."

मी सुतारासारखा काटकोनाचा गुण्या लावतो. नऊ मिलिमीटर. रोज सकाळी पुन्हा मोजतो, कारण दोरी ताणते.

भगवानजी, आमचे कोच, सगळ्यांसमोर म्हणाले, "संकेतजी, बाण चलाना है कि दरवाज़ा बिठाना है?" सगळे हसले. दिलीप सगळ्यात जास्त.

२२ नोव्हेंबर

बाबांची बदली पक्की. जानेवारीत हा हिंदी मुलूख सोडून नांदेडला. रात्री जेवताना म्हणाले, "टीममध्ये आलास तर राहा इथे, भगवानजींच्या होस्टेलला. नाहीतर मामाचं सिमेंटचं दुकान आहेच. अकरावी सोडलेल्याला आणखी कोण विचारणार?" आई वरण वाढत राहिली.

चौघांनाच घेणार. मी पाचवा आहे. चौथा दिलीप!

२५ नोव्हेंबर

मैदानाकडे जाताना मानसरोवरच्या बसमध्ये दिलीप शेजारी बसला. अंगाला कालचा घाम. हातपट्टी कधी धूत नाही, तिच्यावर मिठाचे पांढरे डाग. त्याचे वडील बँकेत, मूळचे अकोल्याचे. पण हा इथेच वाढला, मराठी तशीच.

मी म्हटलं, गाठीवर गोंदाचा एक थेंब लाव, नाहीतर सरकेल.

"भैया, धागा आहे तो, सोन्याची चेन नाही. कल लावतो."

त्याचा कल कधीच येत नाही. आणि तरी त्याचे बाण मधल्या पिवळ्यात! कोणती नजर दिलीय देवाने या घाणेरड्या माणसाला?

३० नोव्हेंबर

नऊ मिलिमीटर. तिसऱ्यांदा मोजलं. नऊच.

३ डिसेंबर, रविवार

निवड झाली. मी चौथा.

आईने पेढे आणले. मी एक तोंडात घातला आणि मोरीत जाऊन थुंकला.

४ डिसेंबर

नीट लिहितो.

शेवटचे सहा बाण राहिले होते. तीस मीटर. दिलीप माझ्यापुढे चार गुणांनी. आम्ही रेषेवर शेजारी उभे होतो. सवयीने माझी नजर त्याच्या दोरीवर गेली. गाठ वर सरकली होती. तिच्याखाली दोरीचा स्वच्छ, मेण न लागलेला पट्टा उघडा पडला होता. दोन मिलिमीटर तरी. ज्याला गाठी बघायची सवय आहे त्यालाच दिसेल असा.

शिटीला वेळ होता. धागा खाली सरकवायला अर्धं मिनिट पुरतं. "दिलीप, गाठ बघ." तीन शब्द.

मी माझ्या बाणांची पिसं नीट करत बसलो. ती आधीच नीट होती.

त्याचे सहाही बाण खाली गेले. एक तर गवतात. बाण हवेत वरखाली डुलत जाताना दिसत होते. मला माहीत होतं का डुलतात ते! तिथे फक्त मलाच माहीत होतं.

संपल्यावर तो आला आणि मला मिठी मारली. तोच घाम, तोच गुटखा. "संकेत भैया, छा गए!" घरी येऊन मी साबणाने अंघोळ केली. मग पुन्हा केली. वास त्याचा नव्हताच.

५ डिसेंबर

स्वतःची बाजू मांडून बघितली. मी सांगितलं होतं, गोंद लाव. एकदा नाही, तीनदा सांगितलं होतं. नियमात कुठे आहे की दुसऱ्याची दोरी तपासायची? कुठेच नाही.

वाचून किळस आली. खोडत नाही, राहू दे.

६ डिसेंबर

भगवानजींना चिठ्ठी लिहिली. ऱ्हस्व-दीर्घ तीनदा तपासले. दिली नाही. शुद्ध लिहिलेला भित्रेपणा!

८ डिसेंबर

होस्टेलची खोली मिळाली. बाबा शास्त्री नगरच्या शेजाऱ्यांना सांगत होते, "मेहनत आहे पोराची. मिलिमीटर मिलिमीटर मोजतो." आयुष्यात पहिल्यांदा माझ्याबद्दल असं बोलले. मी आत जाऊन पंखा पुसत बसलो. थंडीत!

९ डिसेंबर

आज राहवलं नाही. मैदानावर दिलीपला बाजूला घेतलं आणि सांगून टाकलं. मी बघितलं होतं, बोललो नाही.

तो दोरीला मेण लावत होता. लावतच राहिला.

"मालूम आहे," म्हणाला. "तू माझ्या दोरीकडे बघितलंस, मग माझ्याकडे बघितलंच नाहीस. मी खाली बघितलं, गाठ सरकलेली."

मग नीट का नाही केलीस? वेळ होता!

"होता ना," तो म्हणाला. "मी तुझी वाट बघत होतो."